नंबरातली घागर

प्रिय राधाकिशन,

फोन लावला की रिंग जाते आणि तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. पत्ता कारभारीकाकांच्या सुनेकडून घेतला. तिचा भाऊ तुझ्याच कंपनीत आहे, हे मला या महिन्यात कळलं. बघ, तू चाकणला कुठे राहतोस ते गावाला ठाऊक, बहिणीला नाही.

बातमी अशी की मायला मी शिरूरला घेऊन आले. चकलांब्याचं घर मोकळं केलं. कारभारीकाकांनी घेतलंय, ते त्यात कडबा भरणार आहेत. इथे माझ्या घरामागे एक खोली आहे, ओटा आहे, मायची खाट मावते. तिची कपड्यांची ट्रंक खाटेखाली सरकवली, तर म्हणाली, बास, अजून काय पायजे.

फाल्गुनात ती टँकरचं पाणी आणताना पडली. उजवा हात मनगटात मोडला. महिनाभर प्लॅस्टर होतं, तेवढे दिवस शेजारची सुंदरबाई तिला भाकरी करून देत होती. प्लॅस्टर निघाल्यावर मी म्हटलं, आता एकटी राहू नकोस. मला वाटलं होतं भांडेल. तिने फक्त विचारलं, तुझ्या सुट्ट्या कधी लागतात? शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मी चार दिवस जाऊन राहिले.

काय काय काढलं विचारू नकोस. सात वाकळा, दोन कणग्या, पाटा-वरवंटा, आबांची काठी. माय एकेका वस्तूकडे बघायची आणि कोणाला द्यायची ते नाव सांगायची. जरा म्हणून थांबली नाही. मला वाटायचं आता बसेल, आता डोळ्याला पदर लावेल. काही नाही. आणि खरं सांगू, मलाही काही वाटत नव्हतं. ज्या उंबऱ्यावर आपण अभ्यासाला बसायचो तो झाडताना मी फक्त केर भरला. हातपाय चालत होते आणि आत कोणी नव्हतं. लई विचित्र वाटलं असतं, पण तेवढंही वाटलं नाही.

ओसरीवर दूध सोसायटीचं सामान तसंच होतं. चार कॅन, मापं, फॅट काढायच्या काचेच्या नळ्या आणि तो पत्र्याचा फलक. आबांनी तीस वर्षं सेक्रेटरी म्हणून पहाटे तिथे बसून गावचं दूध घेतलं आणि मग तुला बसवलं. त्या दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध कॅनच्या बुडालाही पुरेना, आणि संघाची गाडी यायची बंद झाली. तुझं काय चुकलं होतं त्यात? काहीच नाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात तू पिशवी उचललीस आणि मायला सांगितलंस, पाऊस पडला की येतो. त्याला अकरा वर्षं झाली. मधे पाऊस बऱ्याचदा पडला रे.

सहा वर्षांपूर्वी आबांच्या दहाव्याला आलास तेव्हाही दिवाळीला येतो म्हणालास. त्यानंतर फोनही थांबला. फलक आता कारभारीकाकांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, नीट बसला.

आता घागरीचं सांगते. तुझ्या बारशाला मामाने दिलेली पितळी घागर, काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली, 'चि. राधाकिशन धोंडीराम'. तुला टँकरची रीत आठवत असेल. घरात माणशी एक घागर, पहाटेच नंबरात लावायची. माणूस घरी गेला तरी घागर त्याच्या जागेवर उभी असते आणि तिला कोणी हात लावत नाही. नंबर ठरलेले, उन्हाळ्यामागून उन्हाळा तेच. नवी घागर शेवटी लागते, आणि टँकर शेवटपर्यंत कधी पुरत नाही. तू गेलास त्या वर्षापासून माय तुझी घागर नंबरात लावते. नववा नंबर. कावून लावता? असं कोणी विचारलंच तर सांगायची, तो आल्यावर अंघोळीला पानी नको का? बाया चालवून घेत गेल्या. फाल्गुनात ती पडली ती तीच घागर भरून आणताना. तुला लागावं म्हणून लिहीत नाही. पण तुला माहीत नसावं हेही मला बरं वाटत नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो नऊला येणार होता आणि टँकर दहाला. माय पहाटे उठून दोन्ही घागरी लावून आलेली, तिची आणि तुझी. मी म्हटलं, आज कशाला, आपण तर चाललो. टेम्पो आल्यावर मी तरातरा टँकर थांबतो त्या विहिरीपाशी गेले आणि मायची घागर उचलून तुझ्या घागरीला हात घातला. मला ते टेम्पोत भरायचं सामान वाटलं. इतकी वर्षं बाहेर राहिल्याने मी ही चूक केली. सुंदरबाई हातातलं सोडून उठली. म्हणाली, "मानसाचा नंबर असा उचलू न्हाई, केसर." दहा-बारा बाया माझ्याकडे बघत होत्या. मी हात मागे घेतला.

तेवढ्यात माय आली. पायात चप्पल नव्हती. तिने तुझी घागर स्वतः उचलली, डाव्या कमरेवर घेतली आणि सरळ जाईबाईपुढे जाऊन उभी राहिली. जाईबाईची सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते, मुलगी झाली. घरात माणूस वाढलं होतं पण त्यांची नवी घागर पार शेवटी, रोज रिकामीच परत जायची. मायने तिच्या हातात तुझी घागर दिली. म्हणाली, "नातीच्या नावानं लाव. नवव्या नंबरालाच लाव, मोडू नको."

जाईबाई घागर घेईना. तिने विचारलं, "आन् राधाकिशन आला म्हंजी?"

"आला तर पाव्हना म्हणून येईल," माय म्हणाली. "पाव्हन्याला पानी कोनाच्या बी घागरीतलं चालतंय."

मग जाऊन टेम्पोत पुढे बसली. घराकडे वळून बघितलं नाही. गाव मागे पडल्यावर तिने ड्रायव्हरला विचारलं, तुझं गाव कोणतं. एवढंच.

हे सगळं कशासाठी लिहिते आहे तर ऐक. सहा वर्षं मी दर रविवारी मायला सांगत आले की तुझा फोन आला होता, तू तिची तब्येत विचारलीस, कामामुळे सुट्टी मिळत नाही. या रविवारीही सवयीने तोंड उघडलं. माय ताटात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. त्याचा फोन येत न्हाई, मला ठाव हाय. तुला बरं वाटतंय म्हणून मी ऐकत होते." मी ओट्यापाशी उभी राहिले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला तुझा राग आला, रडूही आलं, भांडी घासता घासता. आता तिला सांगायला माझ्याजवळ काही उरलं नाही. जे काही सांगायचं ते तुलाच सांगावं लागेल. मी ये म्हणत नाही. आलास तर चकलांब्याला उतरू नकोस, तिथे कारभारीकाकांचं कुलूप आहे. शिरूरला ये, शाळेच्या मागची गल्ली, निळं दार. आमच्या घरमालकाची बोअर अजून टिकून आहे. नळ सोडला की पाणी येतं. इथे नंबर लावावा लागत नाही.

तुझीच,
केसरअक्का