बाभळीवरचा माळढोक

१८ जून १९३४

पदक आलं! मुंबईच्या चित्रप्रदर्शनाचं. टपालवाल्याने माझ्याआधी अख्ख्या गल्लीला सांगितलेलं. शेजारची गोजरबाई पदक दाताखाली धरून बघते — चांदी खरी का म्हणून! शी! थुंकी पुसून पेटीत ठेवलं.

शाळेत हेडमास्तर चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बगळा सुरेख आलाय." बगळा! बाभळीच्या फांदीवर छाती काढून बसलेला माळढोक आहे तो. सहा महिने छापायच्या सागाच्या ठोकळ्यावर कोरत होतो, एकेक पीस. या गावाला डोळेच नाहीत.

२० जून

मिलचा कारकून आला होता. धोतरांच्या गठ्ठ्यावर चिकटवायच्या तिकिटासाठी पोपट हवाय. "मास्तर, जरा हसरा करा की पोपट." केला हसरा. स्वतःचीच किळस आली.

२४ जून

आण्णा वकिलांकडे चहाला. माझं चित्र काच लावून दिवाणखान्यात टांगलंय, बरोबर बंदुकीच्या खाली. पाहुण्यांना सांगतात, "पक्षी मी मारला, मास्तरांनी काढला." मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो.

खरंच आहे म्हणा ते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच ओट्यावर पडला होता तो. पाय सुतळीने आवळून पोत्यात कोंबलेले. पोतं सोडू दिलं नाही — जाजम खराब होईल म्हणे. तासाभरात उचलून नेला. तेवढ्यात जे कागदावर उतरलं ते उतरलं. पाय मी मागून घातले, अंदाजाने.

या माणसाची मला शिसारी येते. आणि तरी त्याने पाठ थोपटली की बरं वाटतं. बाहेर कुठे बोलणार नाही, इथे लिहून ठेवतो.

१ जुलै, रविवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते.

नान्नजकडचा मायाप्पा धनगर घोंगडी विकायला आला होता. बायको भाव करत बसली. तो आपला दोरीवर वाळत घातलेल्या चित्रांकडे बघतोय. मला वाटलं, आता विचारेल कोंबडा का. तर म्हणतो, "हूम हाय की ह्यो!" त्यांच्याकडे माळढोकाला हूम म्हणतात. मी खूश! पहिलाच माणूस ओळखणारा!

मग तो जवळ गेला आणि हसायलाच लागला. "पर मास्तर, ह्यो झाडावर कशापायी चढवलाय? हूम कदी झाडावर बसत न्हाय. आन् ह्ये मागचं बोट कुटनं आनलं? त्याला म्होरं तीनच बोटं. मागं न्हाईच. फांदी धरनार कशानं त्यो?"

मी चित्र दोरीवरून काढून हातात घेतलं.

"तुमी जित्ता बगितलाय व्हय कदी?"

नाही बघितला. कधीच नाही. कोंबडीचा पाय लावलाय मी त्याला! परसातल्या कोंबडीचा. आणि मुंबईच्या पाच परीक्षकांनी त्यावर पदक दिलं. थू!

२ जुलै

पटाशी घेऊन ठोकळ्यावरचं मागचं बोट उडवलं. एका फटक्यात गेलं. पुन्हा छापून पाहिलं — आता फांदीवरून पडायला आल्यासारखा दिसतो. फांदीही उडवली तर हवेत लटकेल. लाकडातून काढता येतं, परत घालता येत नाही.

पदक पेटीसकट माळ्यावर टाकलं.

८ जुलै

एकदा तरी जिवंत बघायचा. नाही तर उरलेला जन्म हसरे पोपट काढावेत. दुसरं काही मागत नाही मी.

१५ जुलै

सायकलवरून नान्नज. मायाप्पाबरोबर दिवसभर गवतात पालथा. काही नाही. मुंग्या चावल्या.

२२ जुलै

पुन्हा तेच. परत येताना चाक पंक्चर. बायको म्हणाली, "त्या पाखरापायी तुमीच पाखरू व्हाल."

२९ जुलै, रविवार

पाहिला!!

शनिवारीच मायाप्पाच्या मेंढवाड्यावर मुक्काम केला होता. उजाडताना त्याने माझं डोकं दाबून खाली धरलं. समोर गवत, आणि गवतात तो. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरीशुभ्र. शेपूट पाठीवर उलटं टाकलेलं. आणि गळ्याखाली पिशवी फुगत फुगत गेली ती थेट गुडघ्यांपर्यंत. मग आवाज. हूऽऽम! कानाला कमी, पोटालाच जास्त कळला. जमिनीवर छाती टेकून होतो, तिथून आत आला.

तीन बोटं. मोजली.

मी रडलो. मायाप्पाने बघितलं नसावं. निघताना म्हणाला, "नर योकच उरलाय आता हितं. बंदूकवाल्यास्नी जागा दावू नगा, मास्तर." म्हटलं, छे, छे!

मेलेल्याला बघून काढलेलं ते चित्र आता बघवत नाही. नव्या ठोकळ्यावर खडूने रेषा मारल्या. फांदी नाही, झाड नाही. गवत, आणि तो.

१ ऑगस्ट

आण्णांकडे गेलो. भिंतीवरचं चुकीचं चित्र काढून घ्या, नवं देतो, एवढंच सांगायला. पण सांगता सांगता चढलो. वीस माणसं बसलेली, सगळी माझं ऐकत होती! पिशवी कशी फुगते ते उठून दाखवलं. आण्णा म्हणाले, "मास्तर, असं नुसतं सांगून काय कळणार? कुठे बसायचं, कुठून बघायचं?" कागद-पेन्सिल पुढे आली. मी ओढा काढला, दोन निंब काढले, मेंढवाडा काढला, जिथे आम्ही पालथे पडलो होतो ती जागा काढली. "वा! काय हात आहे!" असं दोघे-तिघे म्हणाले.

त्यांना दुर्बिणीतून नुसतं बघायचं आहे. तसं त्यांनी स्वतः सांगितलं.

मायाप्पाला कळवायची गरज नाही.

५ ऑगस्ट

दिवसभर कोरत होतो. असं काम हातून आजवर झालेलं नाही. मान जमली. पिशवी जमली. फक्त गवत बाकी.

८ ऑगस्ट

गवत झालं! संध्याकाळी पहिला ठसा घेतला, पळीच्या पाठीने घासून. कागद सोलून वर उचलला आणि मीच म्हणालो, वा.

आण्णांकडून मोठा डबा आला होता. श्रावण लागायच्या आत सगळ्यांकडे आखाडाचं मटण पाठवतात, पण आमच्याकडे पहिल्यांदाच! बायको म्हणाली, "लई ग्वाड झालंय. मेंढीचं न्हाय वाटत." मी दोनदा वाढून घेतलं. रस्सा भाकरीने पुसून खाल्ला. किती दिवसांनी असा जेवलो.

९ ऑगस्ट

आण्णांचा गडी कोंडीबा रिकामा डबा न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "कसा लागला हूम, मास्तर? तुमच्या कागदावरनं जागा आक्षी नीट गावली."

मिठाचं पाणी पिऊन पाहिलं. उलटीत काही पडलं नाही. पचलं होतं सगळं.