जासिंतोच्या पिंपातला खडा

दोउरोकाठ, सोमवार, ९ सप्टेंबर १९६८

लाडक्या ओतिलियाला आजी देओलिंदाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघे माझेच आहेत, म्हणून ऐकत नाहीत. शेळी व्याली, दोन झाली. द्राक्षं यंदा लवकर उतरतील म्हणतात. शाळा अजून उघडलेली नाही, म्हणून परपेतुआबाईंना पकडून बसवलंय. मी बोलते, त्या लिहितात, आणि मध्येच माझं बोलणं सुधारतात. तू पोर्तोत जेवतेस ना? परीक्षा सव्वीसला, आणि त्याआधी ह्या रविवारी तू इथे वाढवलेला खडा न्यायला येणार, हे लक्षात आहे.

ये. पण आधी हे वाच.

बाई विचारतात, "शेळीचं झालं, पुढे काय लिहू?"

लिहा, खडा गेला.

गुरुवारी बरणी उघडली. काचेला आतून थेंब धरले होते. खडा बाहेर काढला, पुसला आणि छपरावरच्या पाटीच्या दगडावर ठेवला, आपण अंजिरं ठेवतो तिथे. संध्याकाळी एका बाजूने पांढरा पडला. मला वाटलं, छान वाळतोय, म्हणून उलटा केला! दुसऱ्या दिवशी कोपरे गळाले. शनिवारी उचलायला गेले तर बोटांना पीठ लागलं.

बाईंना आधी सांगितलं होतं, लिहा की म्हातारी विसरली. वरची खोडलेली ओळ तीच. मी विसरले नव्हते, पोरी. ऑगस्टमध्ये तू वाइनच्या पिंपाला आतून धरणारा खार सोडा घालून उकळलास, दोऱ्याला टांगून खडा वाढवलास, तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"आजी, पाणी ह्याच्या अंगावर नाही, अंगात आहे."

"म्हणजे पुसता येत नाही म्हण."

"पुसायचं नाहीच! हौदात द्राक्षं तुडवणारे खांद्यावर हात टाकून रांगेने चालतात ना? खाराचे कण म्हणजे ते दांडगे गडी. पाण्याचे कण मधले बारके, एक हात ह्याच्या खांद्यावर, एक त्याच्या. ते निघून गेले तर?"

"दांडगे तोंडावर आपटतील आणि मी हसेन."

"म्हणून वाळवायचा नाही. झाकण लावून ठेव."

कोणी कोणाला धरलंय ते तुझे प्राध्यापक क्ष-किरण टाकून बघणार, त्यासाठी खडा एकसंध आणि स्वच्छ लागतो, हेही सांगितलं होतंस. सगळं ऐकलं. तरीही वाळवला.

आपल्या घरातून ओला खार कधी बाहेर गेला नाही. तुझे आजोबा पिंपाच्या छोट्या दारातून आत शिरायचे, हातोडीने खार पाडायचे, मग तीन दिवस ऊन. तीन म्हणजे तीन. तुझा खडा त्यांनी जानेवारीत पाडलेल्या शेवटच्या खाराचा. फेब्रुवारीत ते गेले. मला वाटलं, त्यांचा माल एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे जाणार, तो दमट?

इथे बाई कागदाची घडी घालायला लागल्या. म्हटलं, थांबा, खरं अजून आत आहे.

आजोबांना खोऱ्यात 'ओला जासिंतो' का म्हणायचे, असं तू लहानपणी विचारलं होतंस. ते म्हणाले, नदीत पडलो होतो. ते कधी नदीत पडले नाहीत. तुझी आई सहा वर्षांची असताना तापाने फणफणली होती. औषध परवडत नव्हतं. खार न्यायला व्यापारी आला. त्याने पोत्यात हात घातला आणि साऱ्या गावापुढे म्हणाला, "जासिंतो, खार विकतोस की नदी?"

माणसं पोट धरून हसली. आजोबा म्हणाले, "छप्पर गळतं आमचं."

छप्पर गळत नव्हतं. वजन वाढावं म्हणून पहाटे मी पोत्यांवर दोन घागरी पाणी ओतलं होतं. आजोबांना ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि कळलं त्यांना. तुझी आई वाचली, ती औषधाविना, आपली आपण. आजोबांनी मला कधी बोल लावला नाही. पस्तीस वर्षं ते नाव मिरवलं. शवपेटी उचलतानासुद्धा मागून कोणीतरी तेच नाव घेतलं, आणि मी रुमाल तोंडावर धरून उभी राहिले.

म्हणून ओलं काही बघवत नाही मला. ही सबब नाही. तुझं महिनाभराचं काम मी मातीत घातलं. पीठ पिसाने गोळा करून बरणीत भरलंय, एक कण सांडला नाही. बाई म्हणतात, पाण्यात विरघळवलं तर पुन्हा खडा धरेल, पण सतरा दिवसांत तेवढा होईल का, हे त्यांना सांगता येत नाही. नाही झाला तर तुझी परीक्षा लांबणार, तीही माझ्यामुळे. प्राध्यापकांना हवेने झालं, बरणीने झालं असलं काही सांगू नकोस. आजीने वाळवला, असंच सांग.

रविवारी प्रार्थना सुटली की मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून घागरींचं सांगणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाई म्हणतात, आता कशाला? त्यांना म्हटलं, लिहा तुम्ही.

तू आलीस तर तिथे उभी राहा. रागावली असलीस तर लांब उभी राहा, पण मला दिसशील अशी.

तुझी आजी
देओलिंदा

खालची फुली माझी. बाईंनी हात धरलेला नाही.

×