ब्लू दाट लावलतो

सोम. ३ फेब्रु.
मच्छेचा कारखाना. लांब लेथचा बेड, मशिनचा लोखंडी पाया, आला. वरची बाजू ग्राइंडिंग होऊन आलीय, एकदम गुळगुळीत. पण खालनं, जिथं सॅडलची, म्हंजे बेडवर मागंपुढं जाणाऱ्या भागाची, पट्टी सरकते, तिथं ग्राइंडरचं चाक पोचत न्हाय. ते माझं काम. उताणं झोपायचं, आरसा धरायचा, हातानं स्क्रेपर मारून लोखंड खरवडायचं. मालक म्हणाले, शनिवारी गिऱ्हाइकाचा माणूस तपासायला येतोय. पास झालं तर पुढचे सहा बेड पण हातानंच. न्हायतर बाहेर पाठवणार, तिथं खालनं घासणारं नवीन मशिन आलंय म्हणे. मग "अण्णा, तुम्ही स्टोअर बघा" म्हणाले. बावीस वर्षं मी काय झक मारली काय? तोंडावर बोललो न्हाय.

मंगळ. ४
खांदा भरून आलाय. स्ट्रेटएजला, सपाटी तपासायच्या लोखंडी रुळाला, ब्लू म्हंजे निळा रंग लावून खालनं घासायची, उंच जागी निळे ठिपके उठतात, तेवढंच खरवडायचं, ठिपके सगळीकडं सारखे उठेस्तोवर. ठिपके आरशात दिसंनात. अनगोळच्या डॉक्टरनं मागच्या महिन्यात मोतीबिंदू सांगितलाय. घरात ठाऊक. कारखान्यात कुणाला न्हाय.

बुध. ५
लिहू नये असं वाटतंय. पातळ ब्लू दिसंना म्हणून दाट लावला. दाट लावला की खोलगट जागाबी निळी होते, सगळं चांगलंच दिसतं. नव्या पोरांना ह्याच्यावरनं मीच शिव्या घालत आलोय. मालक बॅटरी घेऊन वाकले, "झकास, अण्णा." लई लाज वाटली, तरी गप.

गुरु. ६
बसाप्पानं सॅडल चढवलं. अठरा वर्षं माझ्या बेडवर जोडणी तोच करतोय. हातानं ढकलून बघितलं, मधे घट्ट, टोकाला ढिलं. चहाला गेलो तवा हळूच म्हणाला, "ब्लू किती लावलतास?" मग त्यानंच सुचवलं, पट्टी जरा ढिली ठेवतो, शनिवार निघंल. पुढं गिऱ्हाइकाकडं मशिन थरथराय लागलं तर तवाचं तवा.
व्हय म्हणालो न्हाय. न्हाय बी म्हणालो न्हाय.

शुक्र. ७
सकाळी भाकरी गेली न्हाय. बायको म्हणाली, सांगून टाका एकदाचं, हे असं किती दिस.
केबिनमध्ये गेलो. "मालक, परवाचं खोटं हाय. ब्लू दाट लावलतो."
त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मग विचारलं, "दिसतंय का तुम्हाला, अण्णा?"
"पातळ लावलेला न्हाय दिसत."
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सॅडल उतरवा, एवढंच म्हणाले.

शनि. ८, दुपार
सातपासून बेडखाली दोघं. बसाप्पा बघतोय, मी मारतोय. "डावीकडं, बोटभर, हलक्यानं," तो सांगतोय. मधेच कानडीत शिवी. त्याचं जोडणीचं काम तसंच पडलंय, त्यावर चकार शब्द न्हाय.
गिऱ्हाइकाचा माणूस अकरालाच आला. मालकांनी केबिनमध्ये बसवलाय. काचेतनं आमच्याकडं हात करून कायतरी सांगत होते. काय सांगितलं देव जाणे.
आत्ता शेवटचा हात मारला. ब्लू पातळ लावला, बसाप्पानंच स्ट्रेटएज घासली. मला तिथं थांबवंना. बाहेर येऊन हात पुसले, लिहितोय. तो खालीच हाय, इंचाइंचाला बोट ठेवून ठिपके मोजतोय.