तारेखालच्या मधपेट्या

६ फेब्रुवारी, सुलतानपूर
टॉवरची मोठी विजेची लाईन कालपासून चालू झाली. खाली उभं राह्यलं की वरून कढईत फोडणी टाकल्यासारखा चर्र आवाज येते. माह्या मधपेट्या तिथंच, तारेच्या बरोबर खाली. जागा आमच्या यायनंच दाखवली होती. "तिथं झाड लावू देत नाई, पडीकच आहे. ठेव तुह्या माश्या." तवा तारा नुसत्या लोंबत होत्या. कांद्याचे गोंडे फुलायले लागले. माश्या नसल्या तर बियाणं भरत नाई, म्हणून एवढी खटपट.

११ फेब्रु.
सकाळी दव होतं. पेटीवरच्या टिनाले हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. यायले सांगितलं. म्हणे, "तुले कायी बी वाटते." मंग सोताच हात लावून पाह्यला अन् झटकन मागं घेतला.

१५ फेब्रु.
माश्यायनं आपलंच दार लिंपून घेतलं. झाडाच्या चिकट राळेनं. एक माशी कशीबशी निघंन एवढंच भोक. थंडी नाई, मुंग्या नाई, मंग कोणाले अडवून राह्यल्या? पेटीजवळ गेलं की आतून भणभण. आधी गुणगुण असे. सासूबाई म्हणे नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळ. ओवाळल्या. भेव वाटलं की माणूस कायीबी करते.

१८ फेब्रु.
बोटं सुजून आहेत, अक्षर वाकडं येते.
काल पेटी उघडली तर सगळ्या अंगावरच आल्या. एक तोंडावरच्या जाळीच्या आत घुसली, मानेले डसली. आधी किती डसल्या, चुना लावून कामाले लागायची. काल अंगभर गांधी उठल्या, गळा आवळत आला, श्वास...
यायनं गाडीवर घालून मेहकरले नेलं. इंजेक्शन. डॉक्टर म्हणे, "पुढचा डंख याच्याहून भारी जाऊ शकतो. माश्यांजवळ जायचंच नाही."
रात्री झोपेत सुद्धा मानेवर हात जाते.

२१ फेब्रु.
मधमाशीच्या ट्रेनिंगवाल्या मॅडमले फोन केला. म्हणाल्या, "ताई, मोठ्या तारेखाली माश्या चिडतात, दार बुजवतात, असं सांगतात. टिनातून झटका बसत असेल. पेट्या हलवा, पण लांब, दोन-तीन किलोमीटर." लाईनवाला साहेब म्हणते, "कायी होत नाई, तुमचा वहम आहे." कोणाचं खरं मानावं? मले एवढंच कळते की ज्या माश्यायजवळ मी उघड्या हातानं बसायची, त्यायचा आवाज ऐकला की मी वाट बदलते.
हे म्हणे, विकून टाकू. म्हटलं, गोंडे ऐन फुलात आहेत. "गोंडे गेले खड्ड्यात." असं ओरडले. लगन झाल्यापासून असा आवाज ऐकला नव्हता.

२४ फेब्रु., सकाळ
काल संध्याकाळी मले न सांगता यायनं पेट्या उचलून विहिरीकडे नेल्या. गांधीलमाशी दिसली तर घरात पळणारा माणूस! हाताले पोतं गुंडाळलं होतं म्हणे. डाव्या डोळ्यावर डसली, डोळा मिटला आहे. हसत सांगून राह्यले, "झालं, आता भेऊ नोको."
मी हसली नाई. माशी पेटी ध्यानात ठेवत नाई, जागा ठेवते. विहीर काय, हाकेच्या अंतरावर. आज उडाल्या की वापस तिथंच जातीन. कसं सांगू यायले?

२४, दुपार
तसंच झालं. जुन्या जागी पेटी नाई, पण माश्या तिथंच. जवळच्या टॉवरच्या पायाले लोंबून राह्यल्या, जमिनीवर ढीग. कोणी दिसलं की धावतात. निंदणाऱ्या बाया पायवाटेनं आल्या, पदर डोक्यावर घेऊन पळाल्या. त्यातली एक पोटुशी आहे.
मॅडमले दोन दिवस येता येत नाई. रिकामी पेटी तिथं ठेवून दिवस मावळताना त्यायले आत घ्यावं लागंन. ते मले येते, यायले येत नाई.

२४, ऊन कललं
"तू घरून फोनवर सांग, मी करतो."
"एका डोळ्यानं काय करसान?"
"अन् तू जाऊन काय करसीन? मरसीन."
सासूबाई म्हणे, कोणीच नोका जाऊ. मी म्हटलं, उद्या बाया त्याच वाटेनं येतीन, त्याचं काय?
मी गेली तर यायचा जीव जाते, हे गेले तर माहा. यायनं जाळी डोक्यात घातली. माश्या शांत करायचा धुराचा डबा मी धरून ठेवला आहे, देऊन नाई राह्यली. हे म्हणतात, "लिहिणं सोड, डबा दे."