मधला उंचवटा

८ नोव्हेंबर, शनिवार

भाऊबीजेला आई बजाजनगरला मामाकडे गेली ती परत आली नाही. आज सोळा दिवस. मी रजा टाकून गावी आलेय. घरात अण्णा आणि मी, बाप-लेक. बोलणं कमी.

मका निघालाय. गव्हासाठी नांगरण्याआधी रान भिजवायचं होतं. दरवर्षी दारं आई धरते – एक सरी भरली की तिचं तोंड बंद करायचं, पुढचीचं उघडायचं. आज मी धरली. सरीची लांबी नव्वद मीटर. पाणी अर्ध्या तासात शेवटाला पोचायला हवं. एक तास बावन्न मिनिटं लागली. मधोमध तुंबतं, अलीकडे तळं होतं, पलीकडची पूर्वेची बाजू कोरडी. वीज गेली तेव्हा निम्मं रानही झालं नव्हतं.

अण्णा बांधावर उभे होते. म्हणाले, "आईवर गेलीस."

९ नोव्हेंबर

पाडव्याला काय झालं ते लिहून ठेवते. काकासाहेबकाका घरच्यांना घेऊन जेवायला आले होते. अण्णा म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं झाली, हिला दारं धरता येईनात. मी नाय म्हणत, इंजिनीअर लेकीनं लिहून दिलंय." सगळे हसले. आईने ताटातली पोळी संपवली. माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेली.

अण्णा खोटं बोलले नव्हते. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प याच रानावर होता. अहवालाचं पान एकतीस – दिलेल्या पाण्यापैकी पिकाला मिळणारं, एक्केचाळीस टक्के. कारण – पाणी देणाऱ्या व्यक्तीची अकुशलता. जमिनीची पातळी मी घेतलीच नव्हती. रान डोळ्याला सपाट दिसत होतं.

व्यक्ती! एवढंच लिहिलं होतं. नाव नव्हतं. त्याचाही तेव्हा अभिमान वाटला होता.

१० नोव्हेंबर

शहरात जाऊन ऑफिसातून डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, आणि मोजपट्टी आणली. तिथून जवळच बजाजनगरला आईकडे जाता आलं असतं. गेले नाही.

१२ नोव्हेंबर

दर पाच मीटरवर पातळी घेतली. पट्टी अण्णांनी धरली, नाइलाजाने.

रानाच्या बरोबर मधून, दक्षिणोत्तर, सोळा सेंटिमीटरचा उंचवटा आहे. चार मीटर रुंद. चढ इतका हळू की चालताना पायाला कळत नाही. पाण्याला कळतो.

कारण सरळ आहे. आमचा नांगर माती एकाच बाजूला टाकतो. अण्णा पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, नेहमी विहिरीवरून निंबाच्या रोखाने, रानाच्या मधूनच धरतात. त्यांचे वडील तिथूनच धरायचे. मग त्या तासाच्या दोन्ही अंगांनी फेरे. प्रत्येक फेऱ्याला माती मध्याकडे पडते. एका वर्षात काही दिसत नाही. अठ्ठावीस वर्षांत बांध तयार होतो.

फक्त एक अडचण. दक्षिणेकडून वीस ते पंचेचाळीस मीटरच्या टप्प्यात उंचवटा चारच सेंटिमीटर येतोय. पट्टी तिरपी झाली की वाचन वाढतं आणि जमीन आहे त्यापेक्षा खाली दिसते. तेव्हा दुपारचा एक वाजला होता, अण्णा कंटाळले होते. ती सहा वाचनं खोडली. आजूबाजूची सरासरी घेतली.

१३ नोव्हेंबर

अण्णांना कागद दाखवला. मी नांगराचा दोष म्हटलं नाही, पहिल्या तासाची जागा एवढंच म्हटलं. त्यांनी कागद घडी करून परत दिला. "मग तिनं सांगायचं होतं."

१४ नोव्हेंबर

काही नाही.

१७ नोव्हेंबर

वाफसा आला, रान नांगरण्याजोगं झालं. गावातला खंडेराव ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्याकडे पलटी नांगर आहे. टोकाला वळला की फाळ उलटा होतो, त्यामुळे जाताना आणि येताना माती एकाच दिशेला पडते. एका कडेपासून सुरू करायचं, दुसऱ्या कडेला संपवायचं. मध्ये ना ढीग, ना चर.

नांगरल्यावर मागे केणीची फळी लावून उंचवट्याची माती ओढायला सांगितली. दक्षिणेच्या अंगाला तो थांबला.

"ताई, इथं काढायला माती नाय. आधीच कुणी काढल्यागत दिसतंय."

मी म्हटलं, कागदावर आहे तेवढी काढा.

"कागद तुमचा, रान बी तुमचंच," म्हणाला आणि काढली.

२२ नोव्हेंबर

सऱ्या पाडून पाणी सोडलं. पहिल्या सऱ्या चौतीस मिनिटांत पोचल्या. अण्णा पूर्वेच्या टोकाला उभे होते. पाणी पायाशी आलं तेव्हा हात वर केला. मला आनंद व्हायला हवा होता. वेळ लिहून घेतली.

मग दक्षिणेकडून वीस मीटरपासून पाणी पुन्हा मध्येच थांबायला लागलं. या वेळी चढ नाही, खड्डा. पंचेचाळीस मीटरपर्यंत, तेहतीस सऱ्या.

लेव्हल लावली. बारा सेंटिमीटर खोल. मी खोडलेली वाचनं बरोबर होती. अण्णांनी पट्टी सरळच धरली होती.

उंचवटा तेवढ्याच भागात कमी का होता, ते कळत नाही.

२३ नोव्हेंबर

मालनबाई खुरपायला येते, गेली वीस वर्षं. खड्डा बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं, ही तर तुझ्या आईनं काढलेली जागा."

सरी भरायला वेळ लागायचा. तेवढ्यात आई घमेलं घेऊन मधली माती उचलायची. दर पाण्याला दहा-वीस घमेली. दक्षिणेकडून सुरू केलं होतं, पंचेचाळीस मीटरपर्यंत आली होती. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई पाणी सोडून फिरतेय.

मी विचारलं, अण्णांना कधी सांगितलं नाही?

"सांगितलं की. मधी उंच हाय म्हणली. तुझा बाप म्हणला, नांगर मी धरतो का तू?"

अण्णा विहिरीजवळच होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

पंचवीस मीटर लांब, चार मीटर रुंद, बारा सेंटिमीटर. बारा घनमीटर. घमेल्यात दहा लिटर धरले तर बाराशे घमेली.

२४ नोव्हेंबर

आईला फोन केला. पान एकतीस चुकीचं होतं, सांगितलं. खोडलेली वाचनं आणि खड्डा, तेही सांगितलं. ती म्हणाली, "माझी माती पूर्वेच्या बांधाला टाकलेली हाय. तिथनंच उचला."

अण्णांनी ऐकलं. खंडेरावला बोलावू का, मी विचारलं. नको म्हणाले. घमेलं घेऊन पूर्वेकडे गेले.

दुपारपर्यंत एकशे सहा. उरली एक हजार चौऱ्याण्णव. दुसरं घमेलं मी घेतलंय.