उसनं दिलेलं थडगं

टालबिन, ९ नोव्हेंबर

लाडक्या कोरलला थोरलीकडून एक गालगुच्चा.

गुडघा वाकतो का गं आता? नसेल वाकत तर राहू दे, तसंही तू कुणापुढं वाकत नाहीस. माझी तब्येत झकास, फक्त गावातली पत गेलीय.

झालं असं, माझ्या समोर ती मारिविक राहते ना, फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात स्वयंपाक करते, तिला नवऱ्या-पोरांसकट इथं कायमचं राहायचं तर गावकमिटीचं शिफारसपत्र लागतं. नाही मिळालं तर चालले परत. आणि कमिटीचा अध्यक्ष कोण, तर मर्व्ह. (तोच, तुझ्या लग्नात टेबलाखाली झोपलेला.) म्हणतो कसा, "बाई गुणाची आहे गं, पण गावची नाही. गावची म्हणजे जिचं कुणीतरी आपल्या दफनभूमीत आहे ती." हे कुठं लिहिलेलं नाही, पण खरंय. मी इथं एकतीस वर्षं लेसशी संसार केला तरी 'ती पलीकडच्या खोऱ्यातली'च होते. लेसला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी गावची झाले!

तर दोन नोव्हेंबरला मारिविकचे लोक आपल्या माणसांच्या थडग्यावर जाऊन जेवतात. हिची माणसं समुद्रापार. लाजत लाजत विचारते, "आंटी, लेस अंकलपाशी बसू का?" म्हटलं, बस की बाई, जन्मभर त्यानं माझीच बडबड ऐकली, जरा बदल होईल त्याला. बसली की मग सगळी! नूडल्स, भाजलेलं डुकराचं मांस, पत्ते, गाणी, आणि लेसच्या दगडावर त्याचीसुद्धा बशी. (मी जिवंतपणी त्याला इतकं गरम कधी वाढलं नाही.) मर्व्हची गाडी पुढं गेली, थांबली, मागं आली. "नरेल, हे लेसचे कुणी लागतात काय गं?" माझं तोंड मांसानं भरलेलं, मी आपली मान हलवली.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर लेसचे नातेवाईक. मारिविकच्या नूडल्सच्या वासानं जिचं डोकं दुखायचं ती शेजारीण ग्लेनिस म्हणते, "लेस भात किती आवडीनं खायचा, मला तेव्हाच संशय आला होता." पोरांच्या गोंगाटाची तक्रार केलेला मर्व्ह म्हणतो, "काय किलबिल असते घरात!" पोरं तीच गं, गोंगाटही तोच. गुरुवारी सगळ्यांनी एकमतानं सह्या ठोकल्या.

पण कमिटीच्या डोक्यात एका थडग्याला एकच कुटुंब मावतं. लेस त्यांचा झाला, मग मी कुणाची? काल जत्रेत माझा जॅम संडासाशेजारच्या टेबलावर, आणि मर्व्ह मला, मला गं, विचारतो, "अहो नरेलबाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" अहो! खरं सांगायची सोय नाही, सरकारचा शिक्का अजून बसायचाय.

तुझी,
परगावची नरेल

ता. क. बाबांची राख तुझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहे ना? त्यातली निम्मी पाठव. इथं पुरून टाकते, म्हणजे मी परत गावची.

आणखी ता. क. बाबांना टालबिन डोळ्यांसमोर नको असायचं, ठाऊक आहे मला. मग तुझ्या चुलीतली पाठव, मर्व्ह काही हुंगून बघत नाही. आणि अगं, चांगली पोतंभर पाठव. मारिविकचा भाऊ येतोय, बायको आणि सहा पोरं घेऊन.