बर्फ हे कारण चालणार नाही

४ जानेवारी, रविवार

सीझन फुल! सतरा-अठरा आणि चोवीस-पंचवीस, दोन्ही वीकेंड बुक. बोरन्हाण संक्रांत ते रथसप्तमी एवढ्यातच करतात आणि यंदा रथसप्तमी पंचवीस जानेवारीलाच आहे. म्हणजे अख्खा सीझन दोन वीकेंडांत. दुसरा कुणी घाबरला असता. मी प्लॅनिंग करतो.

ऑक्टोबरमध्ये कंपनीने लेऑफ केलं ते बरंच झालं. आता मी माझा मालक. न्यू जर्सीत, आमच्या आयसेलिनमध्ये फक्त बोरन्हाणाचे फोटो काढणारा दुसरा फोटोग्राफर नाही. ज्ञानदा, माझी बायको, म्हणाली, त्याला काहीतरी कारण असेल. तिला बिझनेस कळत नाही.

शेवटचा स्लॉट, पंचवीसला दुपारी चारचा, आमच्या अनीशचा. दहा महिन्यांचा आहे, पहिलंच बोरन्हाण. ज्ञानदाने कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय आणि हा स्लॉट हलणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलंय. एवढा अविश्वास!

शिवाय म्हणते, गाडीला स्नो टायर घाल. मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला एमएस केलंय. तिथला विंटर काढलेल्या माणसाला न्यू जर्सीच्या बर्फाची भीती दाखवू नये. (तिथे माझ्याकडे गाडी नव्हती, बसने जायचो. पण मुद्दा तो नाही.)

१० जानेवारी, शनिवार

ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून काळी मखमल आणून हॉलमध्ये पडदा लावला. आता हॉलला स्टुडिओ म्हणायचं. हलव्याचे दागिने पुण्याहून आलेत. मुकुट, बासरी, सगळं आहे. काळे कपडे, काळा पडदा, मधे बाळ. एकदम क्लासी.

खालच्या मजल्यावरच्या वीणामावशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, काळ्यावर काळं दिसणार कसं? मावशी प्रत्येक कार्यक्रमात फोनवर फोटो काढतात आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा अंगठा असतो. त्यांनी मला शिकवू नये.

आज कॅन्सलेशन पॉलिसी लिहून सगळ्या क्लायंट्सना पाठवली. मुख्य कलम: बर्फ हे कारण चालणार नाही. स्लॉट बदलून मिळणार नाही. फोटोग्राफर मात्र कुठल्याही हवामानात पोचेल. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत टाकलं. लोकांना विश्वास वाटला पाहिजे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

हिमानीचा मेसेज. ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, मुलगी इशिता दीड वर्षाची. विचारते, शनिवारी बर्फ पडला तर काय करायचं? तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवसांपूर्वीच पॉलिसी पाठवलीय! आज गोड बोलायचा दिवस म्हणून नुसती पॉलिसी परत पाठवली. उद्या बोलणार.

१७ जानेवारी, शनिवार

उठून बघतो तर बाहेर पांढरं. जेमतेम बोटभर! आणि सकाळच्या चहाच्या आत तीन कॅन्सल.

हिमानी म्हणे सासूबाई घसरतील. त्याच सासूबाई संध्याकाळी पार्किंगमध्ये दुसऱ्या आज्यांबरोबर फेऱ्या मारताना मी खिडकीतून स्वतः पाहिल्या.

सत्यजितने तर कमाल केली. हा आमच्याच डोक्यावर राहतो. एक जिना उतरायचा होता! म्हणाला, यार, माझी बहीण पोरांना घेऊन येणार होती, ती रस्त्यात बर्फ बघून परत फिरली. बोरं आणि गोळ्या लुटायला पोरंच नसतील तर बोरन्हाण कसलं? मी त्याला समजावलं की फोटोत बाकीची पोरं लागत नाहीत, ती मी क्रॉपच करतो. त्यावर त्याने फोन ठेवला. बोलणार काय!

१८ जानेवारी, रविवार

एक शूट झालं. फोटो पाठवले. बाळाची आई म्हणते, बाळाचं नुसतं तोंड दिसतंय आणि दागिने हवेत तरंगताहेत, बाकीचं बाळ कुठंय? लोकांची नजरच तयार नाही. पैसे परत मागते. पॉलिसी पाठवली.

 ज्ञानदा जेवताना सारखी पडद्याकडे बघत होती.

१९ जानेवारी, सोमवार

आयडिया! काळ्या कपड्यांच्या मागे पांढरं हवं. बाहेर फुकटात पांढरं पसरलंय. बर्फाने माझा बिझनेस बुडवला, आता बर्फच तो वर काढणार. आउटडोअर बोरन्हाण! अमेरिकेत हे कुणाला सुचलेलं नाही.

अनीशच्या टेडीला सगळे दागिने घालून मागच्या अंगणात बर्फावर बसवलं आणि लेन्स बदलायला आत आलो. दोन मिनिटं. बाहेर जाऊन बघतो तर खार मुकुट घेऊन झाडावर. वर बसून हलव्याचा एकेक दाणा काढून खात होती, माझ्याकडे बघत. पुण्याहून आणलेला मुकुट! बर्फाचा गोळा मारला, तो हिमानीच्या गाडीवर लागला. तिने वरून पाहिलं.

बाहेर पाट्या लावतात, प्राण्यांना खायला घालू नका. प्राण्यांना कोण सांगणार?

२२ जानेवारी, गुरुवार

रविवारी मोठं वादळ म्हणे. टीव्हीवाल्यांना दुसरा धंदा नाही. लगेच सगळ्या क्लायंट्सना शनिवार हवा. हिमानीने तर लिहिलं, शनिवारी ऊन आहे, सगळ्यांचं एकाच दिवशी उरकून टाका. उरकून! मी काय खिचडी टाकतोय? एकदा वाकलो की संपलं. सगळ्यांना ‘नाही’ म्हणून सांगितलं. सगळ्यांनी कॅन्सल केलं. क्लायंट्सचा ग्रुप म्यूट करून टाकला. बसा बडबडत.

पण दुपारी प्रिन्स्टनहून एका डॉक्टरबाईंचा मेल आला. मोठं घर, जुळी मुलं. रविवारी चार वाजता त्यांच्या घरी या म्हणाल्या. चारचा स्लॉट अनीशचा होता. पण बिझनेसमन भावनेत वाहून जात नाही. हो म्हटलं.

ज्ञानदाला सांगितलं की आपण अनीशचं सोमवारी करू. ती म्हणाली, रथसप्तमी रविवारी आहे. मी म्हटलं, सूर्य सोमवारीही असतो. तिने कॅलेंडरवरचं लाल अक्षर खोडलं नाही. मुद्दाम.

२४ जानेवारी, शनिवार

लख्ख ऊन. एकही शूट नाही. दिवसभर स्टुडिओत बसलो.

ज्ञानदा म्हणाली, मोकळा आहेस तर आजच अनीशचं करू या. मी म्हटलं, मी मोकळा नाही, मी अव्हेलेबल आहे. कुणी पश्चात्ताप होऊन आलं तर? कुणी आलं नाही. अनीश मखमलीच्या पडद्याला धरून उभा राहिला, पहिल्यांदाच, आधाराने. फोटो काढणार होतो, पण बॅटऱ्या उद्यासाठी चार्जिंगला होत्या.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी

गुडघाभर. अजून पडतोय. ज्ञानदा म्हणाली, डॉक्टरबाईंना निदान एक फोन कर. मी तिला पॉलिसीतलं ठळक वाक्य दाखवलं. फोटोग्राफर कुठल्याही हवामानात पोचेल. ती म्हणाली, जा.

दुपारी एक

गाडी उकरून काढली. स्वयंपाकघरातल्या उलथन्याने काच खरवडली. निघालो!

दोन

कॉम्प्लेक्सच्या गेटमध्ये अडकलो. प्लाउवाल्या गाढवाने रस्त्यावरचा सगळा बर्फ लोटून बरोबर गेटच्या तोंडाशी उभा केलाय. चाकं जागच्या जागी फिरतात. ऑल-सीझन टायर म्हणून विकतात, हा काय सीझन नाही? गाडी ओढून काढणाऱ्या टो ट्रकवाल्याला फोन केला, तो म्हणाला, गाडीपाशीच थांबा, यायला कितीही वेळ लागेल. इथून आमच्या हॉलची खिडकी दिसते. घरी जाणार नाही. कॅमेरे टाकून मी हलत नसतो.

साडेतीन

 समोरून लोक चाललेत! बूट, टोप्या घालून, पोरांना कडेवर घेऊन. हिमानी गेली, तिच्या जॅकेटातून इशिताचा काळा फ्रॉक डोकावत होता. मागून सासूबाई, कुणाचाही हात न धरता! म्हणजे स्टुडिओत यायला यांना बर्फ आडवा येतो आणि गावभर भटकायला नाही. नावं लिहून ठेवतोय.

थोड्या वेळाने

सत्यजित आला, काचेवर टकटक केलं. काच खाली करून मी त्याला पॉलिसीवर जे काही सुनावलं ते त्याच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. तो दोनदा म्हणाला, यार ऐक तर. मी काच वर केली.

आमच्या खिडकीत खूप उजेड दिसतोय. ज्ञानदाने माझ्या स्टुडिओ लाइट्सना हात लावलाय वाटतं. घरी गेल्यावर बोलतो.

२६ जानेवारी, सोमवार

टो ट्रक अंधार पडल्यावर आला. डॉक्टरबाईंनी शनिवारीच मेल करून कॅन्सल केलं होतं. मी वाचला नव्हता, विषय 'स्नो' होता.

घरी आलो तेव्हा हॉलभर कुरमुरे. मखमलीचा पडदा घडी करून ठेवलेला. अनीश झोपला होता, मुठीत एक बोर, कानाला हलव्याचा दाणा चिकटलेला.

ज्ञानदाने सकाळी त्याच म्यूट केलेल्या ग्रुपवर लिहिलं होतं की बर्फामुळे कुणाचेच पाहुणे येणार नाहीत, तर आपणच एकमेकांचे पाहुणे होऊ. सगळे चालत या, चार वाजता आमच्या हॉलमध्ये. सहा बाळांचं एकत्र बोरन्हाण झालं. सत्यजित मला बोलवायला आला होता.

फोटो वीणामावशींनी काढलाय, फोनवर. मागे पांढरी भिंत, बाळं अगदी स्वच्छ दिसतात. कुरमुरे हवेत, पोरं जमिनीवर तुटून पडलेली. अनीश हसतोय, असा मी त्याला कधी पाहिला नाही. प्रत्येक बाळाला त्याच्या बाबाने धरलंय. अनीशला सत्यजितने. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच्या दुसऱ्या हातात.

ग्रुपवर सगळे विचारताहेत, पुढच्या वर्षी फोटो काढायला मावशी येतील का.

मी बराच वेळ फोटो बघत बसलो. फार वाईट वाटलं. ज्ञानदा मागे येऊन उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, फोटोग्राफर कधी फोटोत नसतोच.

 तिने फोन माझ्या हातातून घेतला, फोटो मोठा केला आणि कोपऱ्यातला मावशींचा अंगठा दाखवला.